घरी वापरण्यासाठी पहिले यंत्र कोणते घ्यावे : ड्रायर, स्ट्रेटनर की गरम ब्रश?

अबोली (रत्नागिरी)

नमस्कार. मी येथील एका महाविद्यालयात शिकवते. माझे केस दाट आणि नागमोडी आहेत. त्यांना धड कुरळेही म्हणता येत नाही आणि सरळही म्हणता येत नाही. आजवर वेणी किंवा अंबाडा घालून निभावत होते, परंतु आता केस खांद्यापर्यंत कापून घेतले आहेत, त्यामुळे ते नीट बांधता येत नाहीत आणि मोकळे सोडले तर दुपारच्या तासिकेपर्यंत पिंजलेल्या कापसासारखे फुलतात. पार्लरमध्ये सेट करून घेतलेले केस छान दिसतात, पण दर आठवड्याला तिथे जाणे वेळेच्या आणि पैशांच्या दृष्टीने परवडणारे नाही. म्हणून घरीच एखादे यंत्र घ्यावे असा विचार आहे.

दुकानात ड्रायर, स्ट्रेटनर, कर्लर, गरम हवा सोडणारा ब्रश आणि नुसताच तापणारा ब्रश असे प्रकार मांडलेले असतात आणि विक्रेता प्रत्येकाबद्दल ‘हाच सगळ्यांत जास्त खपतो’ असे सांगतो, त्यामुळे काही ठरवता येत नाही. तीन ते चार हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. एकच वस्तू घ्यायची झाली तर कोणती घ्यावी? तापमान किती ठेवावे? माझी नणंद न्यू जर्सीला असते. ती डिसेंबरमध्ये येताना तिकडचा गरम हवेचा ब्रश आणते म्हणाली आहे, तो पिन बदलून इथे चालेल का? आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर यांपैकी काय चालते? शेवटचा प्रश्न सासूबाईंचा आहे. विजेच्या आचेने केस मुळापासून गळतात असे त्यांचे ठाम मत आहे, आणि त्यांचे स्वतःचे केस आजही माझ्यापेक्षा दाट असल्यामुळे मला त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

केशसंभार (सांगली)

अबोलीताई, माझे स्वतःचे पार्लर आहे, त्यामुळे ही सगळी यंत्रे रोज हाताळते. एकच घ्यायचे असेल तर ड्रायर घ्या, हे माझे निःसंदिग्ध उत्तर आहे. पार्लरमधून निघताना केस जे ‘सेट’ झालेले दिसतात त्यातले निम्म्याहून अधिक काम ड्रायर आणि गोल ब्रश यांनी केलेले असते. स्ट्रेटनर शेवटी फक्त हात फिरवल्यासारखा फिरतो. घरी मात्र बहुतेक जणी उलटे करतात. केस अर्धवट वाळलेले असताना थेट स्ट्रेटनर लावतात आणि ड्रायरच्या वाट्याचे काम त्याच्याकडून करून घ्यायला जातात.

ड्रायर घेताना वॅटच्या आकड्यापेक्षा तीन गोष्टी पाहा. त्याच्यासोबत चपट्या तोंडाचे नोझल असावे, उष्णता आणि हवेचा वेग यांची बटणे वेगवेगळी असावीत, आणि गार हवेचे बटण असावे. नोझल नसेल तर हवा चहूकडे पसरते आणि केस वाळतात पण पिंजारतात. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची तोंडे टोकाकडे असतात, म्हणून हवेचा झोत नेहमी टाळूकडून टोकाकडे असावा. खालून वर हवा मारली की खवले उघडे राहतात आणि तुम्ही म्हणता तो कापूस तिथेच तयार होतो.

पद्धत अशी ठेवा. केस धुतल्यावर ते टॉवेलने खसाखसा पुसू नका; जुन्या सुती पंचाने टिपून घ्या आणि तासभर तसेच सोडा. केस जवळजवळ वाळत आले, पण टाळूपाशी आणि मानेपाशी अजून ओलसर लागताहेत, अशा वेळी ड्रायर हातात घ्या. डोक्याचे चार भाग करून तीन भाग चिमट्याने वर बांधा आणि मानेकडच्या भागापासून सुरुवात करा, कारण वरचे केस आधी सेट केले तर खालचे ओले केस त्यांना पुन्हा दमट करतात. दोन बोटे रुंदीची बट ब्रशवर ताणून धरा, ड्रायर वीतभर अंतरावर ठेवून सतत हलता ठेवा, आणि बट पूर्ण वाळली की ब्रश न काढता त्याच बटेवर थोडा वेळ गार हवा सोडा. हे गार हवेचे बटण घरी कोणी वापरत नाही, आणि नेमके त्यानेच केस दिलेल्या आकारात बसतात.

दुकानात ‘गरम ब्रश’ या एकाच नावाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात. एकातून गरम हवा येते. तो म्हणजे ब्रशला जोडलेला ड्रायरच होय आणि तो ओलसर केसांवर चालतो. दुसऱ्यातून हवा येत नाही, त्याचे दातेच तापतात. तो वस्तुतः फणीच्या आकाराचा स्ट्रेटनर आहे आणि पूर्ण कोरड्या केसांवरच वापरायचा असतो. खोक्यावरच्या चित्रात दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून विचारून घ्या. पहिला प्रकार तुमच्या केसांना चांगला आहे, विशेषतः एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात ड्रायर धरून मागचे केस जमत नसतील तर.

पुढे स्ट्रेटनर घ्यालच, तेव्हा तापमानाचे आकडे दाखवणारा घ्या. फक्त चालू आणि बंद एवढेच बटण असलेले स्वस्त स्ट्रेटनर बहुधा २०० अंशांच्या आसपास तापतात आणि ते कमी करण्याची सोय नसते. दुकानातच दोन्ही पट्ट्या मिटून उजेडाकडे धरून पाहा. मध्ये फट दिसत असेल तर बट एकीकडे दाबली जाते आणि दुसरीकडे सुटते, मग तीच बट तीनदा ओढावी लागते. पट्टीच्या कडेवरून बोट फिरवा. कड धारदार असेल तर केसांत आडवी घडी पडते. पट्टी सिरॅमिकची की टायटॅनियमची याचा घरगुती वापरात फार विचार करू नका. टायटॅनियम झटकन तापते आणि उष्णता जोरात देते, ते नवख्या हातापेक्षा सरावलेल्या हातात बरे. खांद्यापर्यंतच्या केसांना इंचभर रुंदीची पट्टी पुरते आणि तिनेच मनगट फिरवून टोकांना बाकही देता येतो, म्हणजे कर्लर वेगळा घ्यावा लागत नाही.

तापमानाचे म्हणाल तर, बारीक किंवा रंग लावलेल्या केसांना १५० ते १६०, मध्यम केसांना १७० ते १८०, आणि तुमच्यासारख्या दाट केसांना १८० पासून सुरुवात करून गरजच पडली तर १९०. दाट केस म्हणजे जाड केस नव्हेत. केसांची संख्या जास्त असली तरी एकेक केस बारीक असू शकतो, म्हणून एक केस बोटांत धरून पाहा आणि मग आकडा ठरवा. एका बटेवरून एकदाच, सावकाश आणि मध्ये न थांबता ओढा, आणि पट्टीच्या पुढे बारीक दातांची फणी चालवत राहा. पट्टी मिटल्यावर चर्र आवाज आला किंवा वाफ निघाली तर केस ओले आहेत, तिथेच थांबा.

तारयंत्री (नाशिक)

विजेपुरते मी सांगतो, कारण माझा व्यवसाय तोच आहे.

नणंदबाईंना तो ब्रश आणू नका असे आजच कळवा. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. पिन बदलणारा अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तिकडच्या ड्रायरवर साधारणपणे १८७५ वॅट असे लिहिलेले असते. त्याच तापणाऱ्या तारेला २३० व्होल्ट मिळाले तर वीजप्रवाह जवळजवळ दुप्पट होतो आणि वॅट पावणेचारपट, म्हणजे हिशेबाने सुमारे ६,९०० वॅट होतात. अर्थात तो तिथवर फार वेळ टिकत नाही. आधी तार जळते, फ्यूज जातो किंवा प्लास्टिक वितळते. यंत्राच्या मुठीवर बारीक अक्षरांत ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असेल तरच ते दोन्हीकडे चालते. असे दुहेरी व्होल्टेज पुष्कळशा स्ट्रेटनरमध्ये असते. घरगुती ड्रायर आणि गरम हवेच्या ब्रशांत ते क्वचितच आढळते, आणि महागडे असले म्हणून असेलच असे नाही.

इन्व्हर्टरबद्दल. घरगुती ९०० व्हीएचा (व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर, क्षमतेचे माप) इन्व्हर्टर सातशे वॅटच्या आसपास भार उचलतो, आणि त्यावर पंखे व दिवे आधीच असतात. १२०० वॅटचा ड्रायर लावलात तर तो तत्काळ ओव्हरलोड दाखवून बंद पडेल. स्ट्रेटनर मात्र तापून स्थिर झाल्यावर चाळीस-पन्नास वॅटच घेतो, म्हणजे छतावरच्या पंख्याहूनही कमी. तो बिनदिक्कत चालतो. आधी ड्रायर आणि मग स्ट्रेटनर हा वर सांगितलेला क्रम योग्यच आहे, पण रत्नागिरीच्या पावसाळ्यात केस धुण्याची वेळ वीज असताना साधावी लागेल एवढे ध्यानात ठेवा. बिलाची चिंता नको. १२०० वॅटचा ड्रायर दहा मिनिटे चालला तर एक पंचमांश युनिट होते.

भिंतीवरचा लहान पॉइंट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला १,३८० वॅट. १२०० वॅटचा ड्रायर त्यावर चालतो. १६०० किंवा २००० वॅटचा घ्याल तर गिझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट आरशाजवळ आहे का ते आधी पाहा, कारण नंतर लोक रस्त्यावर मिळणारा तीन तोंडांचा अडॅप्टर मध्ये घालतात आणि तो काळा पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. वापरून झाल्यावर पिनेला हात लावून पाहावा. ती चटका बसण्याइतकी गरम लागली तर सॉकेटची पकड सैल झाली आहे. ड्रायरची पिन दोनच काड्यांची असली तर घाबरू नका. मुठीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर आतील आवरण दुहेरी आहे आणि अर्थिंगची गरज नाही. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आहे ना, हे मात्र नक्की पाहा.

न्हाणीघरात ड्रायर वापरू नका. अमेरिकेत १९९१ पासून घरगुती ड्रायरच्या पिनेतच असा कटआउट असावा लागतो, जो ड्रायर पाण्यात पडताच वीज तोडतो. आपल्याकडे ते काम घराच्या मुख्य बोर्डावरचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, करतो. तो तुमच्या बोर्डावर आहे का, आणि त्याचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो खरोखर पडतो का, हे पाहून घ्या. जुन्या इमारतींत तो बहुधा नसतो. ड्रायरच्या मागच्या जाळीवरचे केस आणि धूळ अधूनमधून जुन्या दातांच्या ब्रशने काढत जा. जाळी तुंबली की हवा कमी पडते, आतली तार प्रमाणाबाहेर तापते, सुरक्षेची कळ पडते आणि लोक ड्रायर बिघडला म्हणून दुकानात जातात. अर्धा तास गार होऊ दिला आणि जाळी साफ केली, तर तो पुष्कळदा पुन्हा चालू होतो.

परीक्षानळी (पुणे)

वरच्या दोन्ही उत्तरांना थोडे रसायनशास्त्र जोडते, कारण ‘दुपारपर्यंत फुलतात’ या तक्रारीचे मूळ तिथे आहे.

केस केराटिन या प्रथिनाचे असतात आणि त्याच्या साखळ्या एकमेकींना दोन मुख्य प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. गंधकाचे बंध पक्के असतात, ते पार्लरमधल्या कायमस्वरूपी प्रक्रियेच्या रसायनांनीच तुटतात. हायड्रोजनचे बंध मात्र पाण्याने सुटतात आणि केस वाळताना जो आकार असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ड्रायर काय किंवा स्ट्रेटनर काय, दोन्ही या दुसऱ्या बंधांशीच खेळतात. म्हणून कोणतेही घरगुती यंत्र केस कायमचे सरळ करत नाही, आणि हवेतला दमटपणा केसांत शिरला की ते आपल्या मूळ वळणावर जातात. रत्नागिरीत जुलै महिन्यात तुम्ही १८० ऐवजी २२० अंश लावलेत तरी केस जास्त वेळ सरळ राहणार नाहीत. फक्त जास्त भाजतील. दमट हवेवर उपाय केसावरच्या आवरणाचा आहे, उष्णतेचा नाही. डायमेथिकोनसारखे सिलिकोन असलेले सीरम बाष्प आत शिरण्याचा वेग कमी करते आणि पट्टीची उष्णता केसाला एकदम न लागता थोडी पसरून लागते. ते संरक्षण अर्धवटच असते. सीरम लावले म्हणून तापमान वाढवण्याची मुभा मिळत नाही.

ओल्या केसाला स्ट्रेटनर का लावू नये याचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. केसाच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि केसाच्या आत फुगे तयार होतात. अशा जागी केस पुढे सहज तुटतो. ओले केस १२५ अंशांच्या चिमट्यात मिनिटभर धरले तरी हे होऊ शकते. कोरड्या केसातील केराटिनची घडण मात्र २२० ते २४० अंशांच्या दरम्यान कोसळते, आणि पुष्कळ स्ट्रेटनरांवरचा शेवटचा आकडा २३० असतो. तो आकडा तिथे का आहे? पार्लरमधल्या काही प्रक्रियांत तेवढे तापमान लागते म्हणून. घरी तो नसता तरी काही बिघडले नसते.

आता सासूबाईंचा प्रश्न. केसाचा जो भाग टाळूच्या बाहेर आहे तो मृत असतो, जिवंत मूळ त्वचेच्या आत असते. टाळूला न चिकटवता वापरलेल्या ड्रायरची किंवा स्ट्रेटनरची उष्णता त्या मुळापर्यंत पोहोचत नाही. केस तुटतात ते मध्येच. फणीत आलेला केस उजेडात धरून पाहा. एका टोकाला पांढुरका बारीक गोळा असेल तर तो मुळापासून गळलेला आहे, आणि त्याचे कारण लोह कमी असणे, थायरॉईड, बाळंतपण, मोठे आजारपण किंवा आनुवंशिकता असे दुसरीकडे शोधावे लागते. दोन्ही टोके नुसतीच असतील आणि केस आखूड असेल, तर तो तुटलेला आहे, आणि तिथे सासूबाईंचा संशय खरा ठरू शकतो.

केस नुसते वाऱ्यावर वाळवणेच निर्धोक, हेही पूर्ण खरे नाही. २०११ साली कोरियातील संशोधकांनी ओले केस वेगवेगळ्या अंतरांवरून ड्रायरने आणि काही नुसते हवेवर वारंवार वाळवून पाहिले. पाच सेंटिमीटरवरून हवेचे तापमान ९५ अंश भरले आणि केसाचा पृष्ठभाग सर्वांत जास्त खराब झाला. पंधरा सेंटिमीटरवरून ते ४७ अंश होते आणि नुकसान पुष्कळच कमी होते. पण केसाच्या पेशींना सांधणाऱ्या आतल्या थराची हानी फक्त नैसर्गिकरीत्या वाळलेल्या केसांत आढळली, बहुधा केस फार वेळ ओले राहिल्यामुळे. वर सांगितलेले ‘वीतभर अंतर’ हे त्या प्रयोगाशी चांगले जुळते.

नागवेल (मडगाव)

सगळे जण केस सरळ करण्याबद्दलच बोलत आहेत, म्हणून थोडा वेगळा सूर लावते. नागमोडी केस सरळ करून दमट हवेत नेणे ही रोज हरायची लढाई आहे. गोव्यात राहून मी ती सोडून दिली. ड्रायर घेताना त्याच्यासोबत डिफ्यूझर, म्हणजे पसरट तोंडाचे छिद्रांचे भांडे, मिळते का ते पाहा. केस ओलसर असताना त्यांना जेल लावावे, डोके एका बाजूला कलते करून केस त्या भांड्यात ओंजळीने उचलल्यासारखे घ्यावेत आणि मंद हवेवर, मध्यम उष्णतेवर वाळवावेत. मध्येच फणी किंवा बोटे घालू नयेत. पूर्ण वाळल्यावर जेलमुळे केस कडक लागतात. मग हातांनी हलकेच चुरगाळले की कडकपणा जातो आणि लाटा उरतात. अशा केसांना दुपारच्या दमटपणाने फारसा फरक पडत नाही, कारण त्यांना मुळात व्हायचे होते तेच ते होतात. तासिकेला सरळ केसच हवेत असा काही नियम नसावा.

अबोली (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. नणंदेला निरोप दिला आहे. ड्रायर घ्यायचा हे नक्की झाले, १२०० वॅटचा, नोझल आणि डिफ्यूझर दोन्ही असलेला. फणीतले केस सासूबाईंनी स्वतः खिडकीपाशी नेऊन पाहिले. बहुतेक गोळ्याचेच निघाले, त्यामुळे आता रक्ततपासणीचा आग्रह सुरू झाला आहे. दोन शंका उरल्या आहेत. सीरमऐवजी खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून स्ट्रेटनर फिरवला तर चालेल का? आणि व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर घेतला तर तो ब्रश चालवता येईल का, असे नणंद विचारते आहे, कारण तिने तो आधीच घेऊन ठेवला आहे.

परीक्षानळी (पुणे)

खोबरेल तेल केसांना चांगलेच आहे. ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. पण त्याची जागा न्हाण्यापूर्वीची आहे. घाणीवरचे खोबरेल तेल सुमारे १७५ अंशांना धुरावू लागते, आणि तुमची पट्टी त्याहून जास्त तापलेली असणार. शिवाय तेलाचा थर पट्टीवर जळून तपकिरी होतो आणि पुढच्या वेळी तोच केसाला चिकटतो. असा थर बसलाच तर पट्टी पूर्ण गार झाल्यावर, पिन काढून, स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने पुसावी. चाकूने किंवा घासणीने खरवडू नये, वरचा लेप निघतो आणि मग केस अडकू लागतात.

तारयंत्री (नाशिक)

ट्रान्सफॉर्मरने चालेल, पण हिशेब पाहा. त्या ब्रशावर किती वॅट लिहिले आहेत ते नणंदबाईंना वाचायला सांगा. तो हजार वॅटचा असेल तर किमान १५०० व्हीएचा, २३० व्होल्टचे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याचे वजन सहज दहा किलोच्या घरात जाते आणि किंमत इथल्या नव्या ब्रशाइतकी किंवा त्याहून जास्त होते. प्रवासी सामानाच्या दुकानात तळहाताएवढे हलके कन्व्हर्टर मिळतात आणि त्यांवर १६०० वॅट असे छापलेले असते. ते फक्त साध्या तापणाऱ्या तारेसाठी, तेही थोड्या वेळेपुरते असतात. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या ब्रशाला ते जोडू नयेत, सर्किट जाते. तो ब्रश तिने परत करावा किंवा तिकडेच वापरावा. तिला काही आणायचेच असेल तर डुकराच्या केसांचा चांगला गोल ब्रश आणायला सांगा. त्याला कुठल्याही देशाची वीज लागत नाही.

केशसंभार (सांगली)

गोल ब्रश मागवताना मापही कळवा. खांद्यापर्यंतच्या केसांना पंचेचाळीस मिलिमीटरच्या आसपासचा व्यास बरा पडतो. त्याहून बारीक घेतला तर टोके आत गुंडाळली जातात आणि नवख्या हाताने गुंता सोडवता सोडवता नाकी नऊ येतात.